डावीकडची दोघं

अमेरिकन फुटबॉलची मॅच बघताना सगळे चेंडूकडे बघतात. मी नाही बघत. चेंडू कुठे गेला, कोणी झेलला, मला काय करायचंय? माझा पगार पाच जाड्या माणसांकडे बघण्याचा. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो, तेव्हा त्याच्यापुढे भिंत धरून उभे राहतात ते पाच जण, लाइनमन. त्यांच्या नावाचा शर्ट घालून कोणी फिरत नाही. पण त्यांच्यातला एक जरी क्षणभर चुकला, तरी समोरचा धटिंगण आत घुसतो आणि कोट्यवधी डॉलरचं ते पोरगं पाठीवर आडवं. मी स्वतः त्या भिंतीत खेळलोय, माझे दोन्ही गुडघे तिथेच ठेवून आलोय, त्यामुळे या विषयावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

माझं नाव एलिस मेब्री. आमच्या संघासाठी कॉलेजांतली पोरं हेरायची, हे माझं काम. वसंतात ड्राफ्ट असतो. सगळे संघ पाळीपाळीने पोरं उचलतात. चांगली पहिल्या रात्री, पहिल्या फेरीत जातात, बाकीची पुढच्या दोन दिवसांत, शनिवारपर्यंत, आणि ज्यांना कोणीच उचलत नाही ती घरी जाऊन आयुष्याचं दुसरं काहीतरी बघतात. त्याआधीचा सगळा हिवाळा मी आयोवा, नेब्रास्का, डकोटा अशी बर्फातून गाडी हाकत फिरतो. पेट्रोल पंपावरची कडू कॉफी पितो, बशीपेक्षा मोठं तळलेलं पोर्क घातलेलं सँडविच खातो आणि पोरं खुर्चीतून उठतात कशी ते बघतो. हसू नका. एवढ्या वजनाचं पोरगं हाताचा आधार न घेता उठलं, की त्याच्या कमरेबद्दल मला अर्धं कळतं.

या वर्षी माझा जीव अडकला होता हार्लन डिकस्ट्रावर. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचा पोरगा, बाप मका पिकवतो, डच लोकांचं गाव. डावा टॅकल, म्हणजे भिंतीचं डावं टोक. सगळ्यात अवघड जागा, कारण क्वार्टरबॅकची पाठ तिकडे असते आणि येणारा त्याला दिसत नाही. हार्लन चालायला लागला की वाटायचं, हा कसला एवढा धिप्पाड, किती हलका चालतोय! सगळा हिवाळा मी आमच्या बॉसचं, सॉरेलचं, डोकं खाल्लं होतं की पहिल्या फेरीत हाच घ्या. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर टॅकल लोकांच्या रांगेत त्याच्या नावाची चुंबकाची पट्टी पार वर होती.

त्याच्या शेजारी कॉलेजात खेळायचा रूबेन साल्सिडो. डावा गार्ड, टॅकलच्या आतल्या बाजूचा. मांसाच्या कारखान्याचं गाव आहे ना आयोवात, तिथला. आई त्याच कारखान्यात मांस कापायला. रूबेनची पट्टी फळ्याच्या तळाशी होती, घेतला तर शेवटच्या दिवशी, अशी. पाच वर्षं हे दोघं खांद्याला खांदा लावून खेळले, एकाच खोलीत राहिले. एप्रिलमध्ये आम्ही दोघांनाही एकाच दिवशी आमच्याकडे बोलावलं.

आणि तिथेच सगळं फिस्कटायला लागलं.

आमचा लाइनचा कोच ब्रँडवोल्ड. मिनेसोटाचा माणूस, हसण्यात कंजूष. तो पोरांना अंधाऱ्या खोलीत बसवतो, पडद्यावर त्यांच्याच मॅचमधल्या वाईट खेळी लावतो आणि एकच प्रश्न विचारतो.

"हे बघ. तुझा माणूस आतून मोकळा सुटला. क्वार्टरबॅक जमिनीवर. चूक कुणाची?"

"माझी, कोच," हार्लन म्हणाला.

"बदली ठरली होती?"

"नाही. माझा माणूस मीच धरायचा होता. सुटला."

हे बदलीचं नीट समजून घ्या, सगळं रामायण त्याच्यावरच आहे. समोरचे दोघं कधीकधी कात्री मारतात. गार्डसमोरचा बाहेर टॅकलच्या अंगावर धावतो, आणि टॅकलसमोरचा त्याच्या मागून वळसा घालून आत घुसतो. अशा वेळी आपली दोघं एकतर माणसं बदलतात, म्हणजे गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवायचा आणि वळसा घालून येणाऱ्याला स्वतः अडवायचं. नाहीतर बदलत नाहीत, ज्याचा माणूस त्यानेच धरायचा. काय करायचं ते खेळी सुरू व्हायच्या आधी टॅकल ठरवतो. बदली ठरली असेल आणि माणूस आतून सुटला, तर चूक गार्डची. ठरली नसेल, तर टॅकलची. पडद्यावर मात्र दोन्ही अगदी सारखंच दिसतं. त्या दोघांच्या डोक्यात काय ठरलं होतं ते फक्त त्या दोघांना माहीत.

ब्रँडवोल्डने दुसरी खेळी लावली. तशीच.

"ही?"

"माझी."

तिसरी लावली. "आणि ही पण तुझीच?"

"हो, कोच."

"का सुटला?"

हार्लनने मांडीवर हात घासले. एप्रिलच्या थंडीत पोराच्या कपाळावर घाम. "सुटला," तो म्हणाला.

"सुटला, सुटला! अरे, का सुटला? पाय चुकला? नजर चुकली? झोप लागली?"

"माहीत नाही, कोच."

"परवाचा पाऊस पण तूच पाडलास का रे?"

हार्लन उठून गेला. हाताचा आधार न घेता उठला, पण ते बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं नाही. ब्रँडवोल्डने दिवा लावला.

"संपलं, एलिस. मी बॉसला सांगणार, हा नको."

"तीन खेळींवरून?"

"एकच चूक तीनदा करतो, आणि का होते ते त्याला माहीत नाही. चूक मी दुरुस्त करतो, त्याचाच पगार घेतो. पण का चुकलो हेच ज्याला कळत नाही, त्याचं मी काय करू, लोणचं घालू? आपल्या क्वार्टरबॅकचा खांदा गेल्या वर्षी दोनदा निखळलाय. पाच वाजता बॉस येतोय, त्याच्यासमोर पट्टी काढतो."

"सकाळी साल्सिडो काय म्हणाला?"

"तेच. बदली नव्हती, हार्लनचा माणूस होता, सुटला. गार्ड तेच म्हणतोय, टॅकल तेच म्हणतोय, आता तू काय वेगळं म्हणणार?"

मी सकाळी खोलीत होतो. रूबेन तसा बोलका. आल्याआल्या ब्रँडवोल्डला म्हणाला होता, "कोच, तुमच्या कॅन्टीनमधली चीज मॅकरोनी खाल्ली आणि मी सही करायला तयार आहे, पगार नाही दिलात तरी चालेल." पण या तीन खेळी लागल्या तसा तो टेबलाकडे बघायला लागला. आणि त्याचे शब्द? 'बदली नव्हती ठरली. त्याचा माणूस होता. सुटला.' दोन पोरं एकच गोष्ट सांगतात तेव्हा मला शंका येत नाही. दोन पोरं एकाच शब्दांत सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

मी शेजारच्या खोलीत गेलो आणि त्यांच्या मॅच काढून बसलो. तीन खेळी नाहीत, सगळा हंगाम. आणि यावेळी खेळी सुरू झाल्यानंतरचं काही बघितलंच नाही. फक्त आधीचं बघितलं, पोरं वाकून उभी राहतात, जेव्हा कोणीच काही बघत नाही तेव्हाचं.

थोड्या वेळाने दिसलं ते. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात खेळतात ही पोरं, ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही. म्हणून हार्लन खाली वाकायच्या आधी उजव्या हाताने रूबेनच्या मांडीवर थाप मारायचा. कधी उघड्या पंजाने, कधी मुठीने. पंजा लागला की दोघं आपापला माणूस धरून राहायचे. मूठ लागली की बदली करायचे. पुढे मागे करून बघितलं, परत परत बघितलं, एकदाही फरक नाही.

मग त्या तीन खेळी लावल्या.

मूठ. मूठ. मूठ.

म्हणजे बदली ठरली होती. हार्लनने सांगितलं होतं आणि रूबेनने केलं नव्हतं. तिन्ही वेळा रूबेन आपल्याच माणसामागे बाहेर धावला आणि आतला दरवाजा सताड उघडा. आणि हा शहाणा इथे येऊन छाती पुढे करून सांगतोय, माझी, माझी, माझी!

मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं. विमानतळावर नेणारी गाडी मागच्या दाराशी लागली होती. हार्लन एकटा बॅगवर पाय ठेवून उभा होता. रूबेन आत सामानाच्या खोलीत टोप्या घालून बघत होता, त्याचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"बदली ठरली होती," मी म्हणालो.

"काय, सर?"

"सर सर करू नकोस. मूठ मारलीस तू. तिन्ही वेळा. बघितली मी."

त्याने आधी सामानाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"हळू बोला ना, मिस्टर मेब्री."

"हळू? तुझी पट्टी आता फळ्यावरून खाली येणार आहे, आणि मी हळू बोलू? कुणाला वाचवतोयस?"

"त्याला काही माहीत नाही. म्हणजे, मीच त्याला सांगितलं असं सांग म्हणून. तो नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, मी काय, मी पहिल्या फेरीत जाणारच आहे, सगळे तेच म्हणतात. माझ्यावर तीन डाग पडले तर काय बिघडलं? त्याच्यावर एक जरी पडला तरी त्याला कोणी घेणार नाही."

"कोण सगळे? तुझा एजंट? गावातला पाद्री? अरे गाढवा, या तीन खेळी प्रत्येक संघाच्या खोलीत लागतायत! आणि तू प्रत्येक खोलीत जाऊन हेच सांगितलंस ना?"

त्याने बॅगवरचा पाय खाली घेतला. सांगितलं होतं त्याने. सगळीकडे.

"हे डाग नाहीत बाळा. तू पहिल्या फेरीत जाणार नाहीयेस. तू खाली खाली जाणार आहेस, आणि का ते तुला कोणी सांगणारही नाही."

"तरी चालेल," तो म्हणाला, पण आवाज पार चिरकला होता. "पहिल्या वर्षी मी बॅग भरून घरी निघालो होतो. रूबेनने मला बस स्टँडवरून परत आणलं. त्याची आई दर रविवारी मला जेवायला घालायची. त्याला सगळं येतं, सर. जोर आहे, पाय आहेत. फक्त ती कात्री तेवढी त्याला उशिरा दिसते. तेवढंच."

तेवढंच! आमच्या लीगमध्ये ज्याला कात्री उशिरा दिसते, त्याच्यावर दर रविवारी प्रत्येक संघ फक्त कात्रीच मारतो. हे हार्लनलाही माहीत होतं. म्हणून तर त्याने लपवलं होतं.

"सांगू नका," तो म्हणाला. माझ्यापेक्षा हातभर उंच पोरगा, माझ्यासमोर वाकून उभा. "सर, प्लीज. मी खाली गेलो तर जाऊ दे."

तेवढ्यात रूबेन आला, डोक्यावर आमची टोपी. "काय चाललंय? मिस्टर मेब्री, याला रडवलंत की काय? हा टीव्हीवर कुत्रा मेला तरी रडतो." आणि हार्लनच्या पाठीवर धपाटा घालून त्याने त्याची बॅगही उचलली. हार्लन गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

मला राग आला होता. हार्लनचा आला होता, रूबेनचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, की मला मूठ दिसली. न दिसती तर एका पोराबद्दल माझा अंदाज चुकला म्हणून चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता.

वरती फळ्यासमोर ब्रँडवोल्ड उभा होता. सॉरेल आलेला होता. हार्लनची पट्टी ब्रँडवोल्डच्या हातात होती.

"थांब," मी म्हणालो.

"का?"

आता बोलायचं की नाही, हे मी जिने चढताना ठरवलेलं नव्हतं. वरती गेल्यावर तोंड उघडलं आणि जे निघालं ते निघालं. मी संघाचा पगार खातो. मी त्यांना मूठ दाखवली. सॉरेल खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला, ब्रँडवोल्ड उभाच. त्यांनी सगळं बघितलं. मग ब्रँडवोल्डने हार्लनची पट्टी होती तिथे वर लावली. आणि तळाकडे वाकला.

"अरे, तो शेवटच्या दिवसाचा पोरगा आहे," मी म्हणालो. "राहू दे ना. शिकव त्याला."

"हात कुठे ठेवायचे ते शिकवीन. पाय शिकवीन. नजर कुठून आणू?"

"खोटं दोघंही बोलले."

"हो," सॉरेल म्हणाला. "पण एक स्वतःला बुडवायला बोलला आणि दुसऱ्याने त्याला बुडू दिलं."

हे काही बरोबर नव्हतं. रूबेन नको म्हणत होता, हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं. पण तोवर साल्सिडो लिहिलेली पट्टी टेबलाखालच्या खोक्यात पडली होती, नको असलेल्यांच्या.

ड्राफ्टच्या रात्री आमची पाळी येईपर्यंत मी नखं खाऊन संपवली. हार्लनला आमच्या आधी कोणी घेतलं नाही, कसं घेणार, सगळीकडे जाऊन हा बाबा आपलंच नाक कापून आला होता. आमचा नंबर आला. सॉरेलने त्याच्या घरी फोन लावला, मग ब्रँडवोल्ड बोलला, आणि मग आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे ज्याने पोरगा हेरला त्याच्या हातात, म्हणजे माझ्या हातात, फोन आला.

पलीकडे नुसता गदारोळ. डिकस्ट्रांच्या शेतातल्या घरात सगळं गाव जमलेलं. हार्लन नुसता हुंदके देत होता. मग फोन कोणीतरी हिसकावला.

"मिस्टर मेब्री! मी रूबेन! हा रडतोय, सांगितलं होतं ना तुम्हाला! याला भरपूर खायला घाला बरं का, उपाशी राहिला की मारका होतो. माझी आई पण आलीय इथे, शंभर माणसांचे तमाले घेऊन. आई, हे बघ, तेच साहेब!"

मागून एक बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडली. आशीर्वाद असावा.

"आणि सर," रूबेनचा आवाज थोडा खाली आला, "तुमच्याकडे माझा नंबर आहे ना? नाही म्हणजे, शनिवारी. मी आज उगाच अपेक्षा करत नाहीये, मला कळतं. पण शनिवारी मी फोन हातातून खाली ठेवणार नाही."

माझ्यामागे अख्खी खोली एकमेकांना टाळ्या देत होती.

"आहे नंबर," मी म्हणालो. लाज वाटली मला स्वतःची.

मग फोन परत हार्लनकडे गेला असावा, कारण आवाज कमी कमी होत गेला, दार लागलं, आणि वारा ऐकू यायला लागला. अंगणात आला होता तो.

"तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला.

"हो."

"त्याचं नाव?"

"काढलं. मी भांडलो, हार्लन. काढलं."

मला वाटलं, आता हा शिव्या देणार, किंवा म्हणणार, मला नको तुमचा संघ. म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

"शनिवारपर्यंत तो तुमच्या फोनची वाट बघत बसेल, सर," तो म्हणाला. "त्याची आई पण. तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

बॉसच्या परवानगीशिवाय असलं काही सांगायची सोय नाही. सॉरेल समोरच होता, कुणाशी तरी हात मिळवत.

"दे त्याला फोन," मी म्हणालो.

दार उघडल्याचा आवाज आला. परत तो गदारोळ. आणि त्यात हार्लनची हाक, "रूबेन! ए रूबेन! तुझ्यासाठी फोन आहे!"

त्यालाही घेतलं असं समजून अख्खं घर ओरडलं. पहिल्या रात्री त्याच्यासारख्याला कोणी बोलवत नसतं, हे त्या लोकांना काय माहीत? माणसं टाळ्या पिटत होती, त्याची आई किंचाळत होती, कोणीतरी भांडी बडवत होतं, आणि त्या सगळ्यातून रूबेन धापा टाकत फोनपाशी आला.

"हॅलो?" तो म्हणाला. "हॅलो, सर? बोला ना!"